चिमटीची कबुली

डाग ओळखण्यात तिचा हात धरणारं त्या रस्त्यावर कुणी नव्हतं, आणि ही गोष्ट तिच्याइतकी पक्की कुणालाच ठाऊक नव्हती. लाँड्रीच्या काउंटरवर कपडा पडला की ती चष्मा कपाळावर सरकवायची, डाग उजेडाकडे धरायची, एकदा हुंगायची आणि निकाल देऊन मोकळी व्हायची. गंज, शाई, रक्त, ग्रीस, बीट. उडत्या पाखराची पिसं मोजणारी बाई! एकदा एक गृहस्थ पांढराशुभ्र शर्ट घेऊन आले आणि म्हणाले, ऑफिसात चहा सांडला. तिनं शर्ट नाकाशी नेला. "चहा नाही, कॉफी आहे. आणि एकदा नाही, दोनदा सांडलीय, दोन वेगळ्या दिवशी. घरी काय सांगायचं ते सांगा, पण मला खरं सांगा, नाहीतर डाग निघायचा नाही." गृहस्थ शर्ट तिथंच टाकून पळाले. मागे टेबलाशी उभे असलेले इस्त्रीवाले काका इतके हसले की त्यांना इस्त्री उभी करून ठेवावी लागली.

"डाग खोटं बोलत नाही, माणसं बोलतात," हे तिचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाइकं ऐकून घ्यायची, कारण डाग खरंच निघायचे.

लाँड्री वडिलांची. वडील गेल्यावर तिनं ती चालवली आणि लग्नबिग्न राहूनच गेलं. त्याबद्दल कुणी हळहळलं तर ती म्हणायची, "सगळ्या गावाच्या नवऱ्यांचे शर्ट मीच धुते, आणखी एक घरात कशाला?" शेचाळीस वर्षांची झाली होती. नाकावर माशी बसू द्यायची नाही. धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता, सहा-सहा महिने समुद्रावर असायचा. त्याची बायको एका सकाळी घर सोडून गेली ती गेलीच. तेव्हा त्यांची मुलगी दोन वर्षांची होती. भावानं मुलगी आणि कपड्यांची एक पिशवी बहिणीकडे आणून दिली आणि म्हणाला, "ताई, तुझ्या भरवशावर मी तिकडे झोपू शकतो." या एका वाक्यावर ती पुढची पाच वर्षं जगली, असं म्हटलं तरी चालेल.

मुलीला सगळे चिमटी म्हणायचे. गच्चीवर कपडे वाळत घालताना ती उपड्या बादलीवर उभी राहून आत्याला एकेक चिमटा हातात द्यायची. निळ्या चादरीला निळा, पिवळ्याला पिवळा, आणि रंग जुळला नाही की आत्यालाच दम द्यायची. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेले, आणि तोंडाचा पट्टा असा की काका म्हणायचे, "हिला दुपारी बंद करायचं बटण कुठं आहे?"

त्या घरात नियम फार नव्हते, एकच होता. मागच्या अंगणातल्या हौदाकडे चिमटीनं जायचं नाही. त्यात पांढरे कपडे धुण्याच्या सोड्यात आणि ब्लीचमध्ये भिजत असायचे. हे पाणी कातडी सोलून काढतं. आदल्या वर्षी चिमटी गुपचूप तिथं जाऊन बाहुलीचा झगा बुचकळून आली होती. तळवे लालबुंद, डोळे लालबुंद, आणि तोंडानं मात्र "मी नाही गेले". लाल झगा पांढरा झाला होता, त्यानं सगळं बिंग फोडलं. आत्यानं तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग स्वतःच तासभर रडत बसली. त्यानंतर पोरगी पुन्हा हौदाकडे फिरकली नाही. आत्याच्या मनात मात्र दोन गोष्टी शेजारी शेजारी बसल्या त्या बसल्याच. लाल तळवे म्हणजे हौद, आणि चिमटी खोटं बोलू शकते.

त्या वर्षी ती साथ सगळीकडे होती. लाँड्रीतही येऊन गेली. आत्या आठवडाभर खोकली, अंग दुखलं, आणि एका सकाळी तिचं नाकच गेलं. साबणाला वास नाही, रॉकेलला वास नाही, कशालाच नाही. आता जिचं सगळं नाव नाकावर, तिनं हे कुणाला सांगायचं? ती मुकाट्यानं काउंटरवर बसली आणि अंदाजानं निकाल देत राहिली. एक रॉकेल सांडलेला शर्ट तसाच इस्त्रीला गेला, तेव्हा काकांनी तो परत आणून तिच्यापुढे धरला. "पोरी, हा पेटला असता." ती म्हणाली, "माझं लक्ष नव्हतं." चिमटीला त्या दिवसांत दोन शिंका आल्या, एक दिवस कणकण आली आणि दुसऱ्या दिवशी ती बादलीवर उभी होती. आठ-दहा दिवसांत आत्याचं नाक परत आलं. सुटलो बाबा, म्हणून तिनं विषय संपवला.

यानंतर पाचेक आठवड्यांनी, एका सोमवारी, चिमटी शाळेतून ताप घेऊन आली. पोटात दुखतंय म्हणाली, एकदा ओकली. पोरांना ताप येतोच. मंगळवारी सकाळी ताप होताच, आणि डोळे लाल झाले होते. चिपडं नाहीत, पाणी नाही, नुसते लाल. आत्यानं तिचे हात हातात घेतले आणि तळवे उलटले. लालबुंद, थोडे सुजलेले.

तिनं चष्मा कपाळावर सरकवला. हुंगायचंही कारण पडलं नाही.

"हौदाकडे गेली होतीस?"

"नाही."

"चिमटे."

"नाही गेले ना आत्या."

"मागच्या वेळीही असंच म्हणाली होतीस."

त्या दिवशी तिनं किती वेळा विचारलं याचा हिशेब तिनं पुढे अनेकदा मनाशी केला. सकाळी, शाळेत चिठ्ठी पाठवताना, दुपारी दूध देताना, हातांना मलम चोळताना. मारलं नाही, आवाजही चढवला नाही. तिला वाटत होतं, आपण किती समजुतीनं घेतोय. "खाई त्याला खवखवे" असंही एकदा काकांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणून झालं. पोरगी प्रत्येक वेळी नाही म्हणत होती, आणि प्रत्येक वेळी आवाज थोडा लहान होत होता. संध्याकाळी आत्या खाटेच्या कडेला बसली.

"हे बघ, खरं सांगितलंस ना, तर मी मुळीच रागावणार नाही. खोटं बोललं की मात्र मला फार वाईट वाटतं."

चिमटीनं स्वतःच्या तळव्यांकडे पाहिलं. मग आत्याकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली.

"गेली होतीस?"

"हो."

"काय धुवत होतीस?"

पोरीला हे ठरवायला जरा वेळ लागला. "बाहुलीचा मोजा."

"बघ! किती सोपं होतं!" आत्यानं तिला छातीशी धरलं, गरम कपाळाचे मुके घेतले, शहाणी गं माझी म्हणाली. खरं बोलल्याबद्दल क्रीमचं बिस्किट दिलं. चिमटीनं ते अर्धं कुरतडलं आणि उशाशी ठेवून दिलं. बाहुलीला मोजे कधीच नव्हते. हे आत्याला त्या वेळी आठवलं नाही, आणि आता एक दिवस असा जात नाही की आठवत नाही.

बुधवारी पोटावर पुरळ उठलं. त्याचाही अर्थ तिनं लावला: ओले हात फ्रॉकला पुसले असणार. तरी ती कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, नाही असं नाही. दवाखाना भरला होता. डॉक्टरांनी काय झालं म्हणून विचारायच्या आत तिनं निकाल दिला, "सोड्याच्या पाण्यात हात घातलेत. लाँड्री आहे आमची." डॉक्टर वाकून चिमटीला म्हणाले, "काय गं, घातलेस का हात?" चिमटीनं आत्याकडे एकदा बघितलं आणि मान हलवली. जिथं रोगी स्वतः कबूल करतोय तिथं डॉक्टर तरी काय शोधणार? त्यांनी मलम दिलं, तापाचं औषध दिलं आणि ताप उतरला नाही तर परवा या म्हणाले.

गुरुवारी सकाळी काका कामावर आले आणि पोरगी कशी आहे बघायला आत गेले. ती चप्पल घालायला तयार नव्हती. पाय दुखतात म्हणत होती. काकांनी तिचं पाऊल हातात घेतलं आणि तिथूनच हाक मारली.

"पोरी, इकडे ये. ही हौदात पाय घालून उभी होती काय?"

"पाय कशाला घालेल?"

"मग तळपाय असे कसे? आणि हिची जीभ बघ. सोड्यानं जीभ लाल होते का कधी?"

आत्यानं बघितलं. पावलं सुजलेली, तळवे हातांसारखेच लाल. ओठ चिरलेले. जीभ लालभडक, दाणेदार. चिमटी तिच्याकडे बघत होती, पण नेहमीसारखी नाही, लांबून कुठून तरी बघावं तशी. काउंटर उघडा टाकून, गल्ल्याला कुलूप न घालता ती पोरीला उचलून रस्त्यावर धावली. मागून काका.

मुलांच्या मोठ्या इस्पितळात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी रक्तदाब घेतला, पुन्हा घेतला, आणि त्यांच्या हालचाली एकदम भरभर व्हायला लागल्या. हे काय चाललंय ते आत्याला कळत नव्हतं, भरभर चाललंय एवढं कळत होतं. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "महिना-दीड महिन्यात घरात कुणाला साथीचा ताप येऊन गेला? खोकला? वास जाणं?"

आत्याचा हात आपोआप नाकाकडे गेला. "मला," ती म्हणाली. "पण हिला काहीच नाही झालं. दोन शिंका आल्या."

"मुलांना तेव्हा काही होत नाही, बऱ्याचदा. हा त्रास मागाहून येतो, आणि क्वचितच येतो." बाई एकेक शब्द सावकाश बोलत होत्या. "विषाणू निघून गेलाय. पण त्याला हाकलायला शरीरानं जे पहारेकरी उठवले, ते थांबायला तयार नाहीत. चोर पळाला तरी ते घरातच काठ्या फिरवतायत. सगळीकडे सूज आलीय. हृदयालाही."

"आणि सोडा?"

"कसला सोडा?"

आत्यानं सांगितलं. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त, कधीपासून लाल आहे ते पुन्हा विचारून लिहून घेतलं. म्हणाल्या, बहुतेक मुलं यातून बरी होतात. शिरेतून औषधं सुरू केलीत, आता बघू. "बहुतेक" हा शब्द आत्यानं त्या दिवशी पदराला गाठ मारावी तसा धरून ठेवला होता.

जहाजावर फोन लागायला संध्याकाळ झाली. भाऊ म्हणाला, पुढच्या बंदराला पोचायला तीन दिवस आहेत, तिथून विमान. मग म्हणाला, "तू आहेस ना तिच्याजवळ? मग झालं."

शुक्रवारी सकाळी चिमटीचा श्वास फुलायला लागला. हृदय थकलंय, आता यंत्रावर ठेवावं लागेल, तिला झोपवावं लागेल, असं त्यांनी येऊन सांगितलं. नर्स म्हणाली, दोन मिनिटं भेटून घ्या. चिमटीच्या नाकावर मुखवटा होता, हातात सुया. आत्या वाकली तेव्हा पोरीनं मुखवटा स्वतःच्या हातानं बाजूला ओढला.

"आत्या, मी खोटं बोलले."

प्रत्येक दोन शब्दांनंतर ती श्वास घेत होती.

"मी हौदाकडे... गेलेच नव्हते. तू सारखं... विचारत होतीस... म्हणून हो म्हटलं. सॉरी. तुला... वाईट वाटलं ना?"

तेवढ्यात नर्सनं मुखवटा परत बसवला, दोघं-तिघं आले आणि त्यांनी खाट आत नेली.

पुढचे दोन दिवस आत्या त्या यंत्राशेजारच्या खुर्चीवर बसली. जेवढा वेळ बसू देतील तेवढा. तिनं नर्सला विचारलं, हिला ऐकू येतं का? नर्स चांगली होती. म्हणाली, "आम्ही तर बोलतो सगळ्यांशी. तुम्हीही बोला." मग ती बोलली. तू खोटं बोलली नाहीस. तू खरंच सांगत होतीस, पहिल्यापासून खरं सांगत होतीस, मीच ऐकलं नाही. हेच, पुन्हा पुन्हा, कानाशी तोंड नेऊन. मध्येच थांबून ती पापण्या हलतात का ते बघायची. पापण्या चिकटपट्टीनं मिटवलेल्या होत्या.

रविवारी सकाळी साडेअकरा वाजता चिमटी गेली. खिडकीतून चांगलं ऊन येत होतं, कपडे वाळवायला हवं तसं, आणि असं ऊन पडलं याचा आत्याला इतका राग आला की तिनं उठून पडदा ओढून घेतला.

डॉक्टरीणबाई बराच वेळ तिच्याजवळ बसल्या. दोन दिवस आधी आणलं असतं तर वाचली असती का, हे आत्यानं सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. काही मुलं वेळेवर येऊनही जातात. आधी आली असती तर संधी जास्त होती, तेवढं खरं आहे. आत्याला त्या बाईंचा आयुष्यभर आदर वाटत राहिला, कारण त्यांनी तिला खोटं सांगितलं नाही.

भाऊ मंगळवारी दुपारी पोचणार होता. लाँड्रीचं दार बंद होतं. आत काका आणि ती, दोघंच. काका इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभे होते.

"पोरी, एक ऐकशील? त्याला ते कबुलीचं सांगू नकोस. हौदाचंही नको. काही लपवायचं म्हणून नाही म्हणत मी. डॉक्टरही नक्की सांगत नाहीत. मग त्याच्या छातीवर तो दगड कशाला? मुलगी गेलीय, आता बहीणही जायला नको त्याची. तुझ्याशिवाय आहे कोण त्याला?"

काकांचं चुकत नव्हतं. भावाला कधी कळलंही नसतं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर "हातांची आग" एवढंच लिहिलं होतं. आणि भाऊ गेला तर तिच्याकडे खरोखर कुणीच उरत नव्हतं. कपडे धुण्याची दोन यंत्रं आणि गावभरचे कपडे. ती विचार करत होती, आणि सांगायला लाज वाटते, पण एकदा तिनं मनात होकार दिलासुद्धा.

भाऊ आला. पाठीवर जहाजाची पिशवी, दाढी वाढलेली. तो आधी ताईच्या गळ्यात पडला आणि लहान पोरासारखा रडला. ती त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. काकांनी पाणी दिलं. बऱ्याच वेळानं तो स्टुलावर बसला, डोळे पुसले आणि म्हणाला, "तू होतीस तिच्याजवळ, तेवढं एक बरं झालं, ताई." मग थोडं थांबून, "शुद्धीत होती तेव्हा काही म्हणाली का? शेवटचं?"

काका चटकन म्हणाले, "तुझीच आठवण काढत होती रे. पप्पा कधी येणार म्हणून."

भावाचा चेहरा उजळला, अगदी थोडासा. त्यानं खात्री करून घ्यायला बहिणीकडे बघितलं. त्या चेहऱ्यावर एवढं समाधान तिला पुन्हा कधी बघायला मिळणार नव्हतं, हे तिला कळत होतं. एक मान हलवायची होती. चिमटीनं डॉक्टरांपुढे हलवली होती तेवढीच.

"नाही," ती म्हणाली. "काका तुझ्यासाठी बोलतायत. तिनं माझी माफी मागितली."

"माफी? कशाची?"

मग तिनं सगळं सांगितलं. नाक गेलं होतं ते, लाल तळवे, मंगळवारी दिवसभर विचारत राहिली ते, बिस्किट, डॉक्टरांपुढे आपण आधी बोललो ते. काही सोडलं नाही, आणि स्वतःच्या बाजूचं काही घातलंही नाही. काका भिंतीकडे तोंड करून उभे होते. ती थांबल्यावर भावानं हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"ती सॉरी म्हणाली," तो म्हणाला. "मग तू काय म्हणालीस तिला?"

एवढी एक गोष्ट तिनं काकांनाही सांगितली नव्हती. दोन दिवस यंत्राशेजारी बसून ती जे बोलत होती ते सगळं या एका उत्तरावर घालायचं पांघरूण होतं, आणि ते पुरलं नव्हतं. पोरीला दम लागत होता, नर्स घाई करत होती, आणि तिच्या तोंडून जे निघालं ते निघालं होतं.

"म्हटलं, आता बोलू नकोस," ती म्हणाली. "आणि तिनं ऐकलं."